अवरग्लास एनर्जी शून्य दिसली, तर आधी शंका घ्या

पुण्यात क्रॅश सिम्युलेशनच्या टीममध्ये नवी मुलं आली की त्यांना एक नियम लगेच पाठ होतो: अवरग्लास एनर्जी (मेशची खोटी, नागमोडी विकृती रोखण्यात खर्च होणारी ऊर्जा) इंटर्नल एनर्जीच्या (पार्ट वाकण्या-चिरडण्यात जाणाऱ्या ऊर्जेच्या) 10 टक्क्यांच्या आत हवी. नियम चांगलाच आहे. पण मुलाखतीत त्याच्या पुढचा प्रश्न, हा आकडा शून्य दिसला तर काय, असा विचारला की बहुतेक जण थांबतात. माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं.

मेश म्हणजे पार्टचे केलेले छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट. आठ नोडच्या (कोपऱ्यांच्या) हेक्सा, म्हणजे ठोकळ्यासारख्या, एलिमेंटला 24 डिग्रीज ऑफ फ्रीडम (हलण्याचे स्वतंत्र प्रकार) असतात. रन लवकर संपावा म्हणून आपण मध्यभागी एकच इंटिग्रेशन पॉइंट (स्ट्रेन-स्ट्रेस मोजण्याचा बिंदू) ठेवतो. त्या बिंदूला सहा स्ट्रेन कळतात, सहा रिजिड बॉडी हालचाली (आकार न बदलता सरकणं-फिरणं) असतात; उरलेल्या 12 मोडमध्ये, म्हणजे अवरग्लास मोडमध्ये, एलिमेंट वेडावाकडा होतो, पण मध्यबिंदूवरचा स्ट्रेन शून्यच राहतो. स्ट्रेन नाही म्हणजे स्ट्रेस नाही, आणि स्ट्रेस नाही म्हणजे विरोधही नाही. मेश नागमोडी होत जाते आणि सॉल्व्हरला पत्ता लागत नाही.

त्यावर उपाय म्हणून या मोडना अडवणारं कृत्रिम बल लावतात. फ्लानागन आणि बेलिश्को यांनी 1981 मध्ये मांडलेली पद्धत आजही रोज वापरात आहे. एलएस-डायना या क्रॅश सॉल्व्हरमध्ये अवरग्लास कंट्रोलचे टाइप 1 ते 3 व्हिस्कस, म्हणजे विकृतीच्या वेगाला विरोध करणारे. 4 आणि 5 स्टिफनेसवाले, म्हणजे साचलेल्या विकृतीला मागे ढकलणारे. स्फोट किंवा अतिवेगवान आघात असेल तर व्हिस्कस, गाडीच्या क्रॅशसारख्या त्यामानाने कमी वेगाला स्टिफनेस. टाइप 6 हा बेलिश्को-बिंडेमन यांचा. रबरासाठी मला तोच बरा वाटतो.

स्टिफनेस पद्धतीची किंमत मात्र मोजावी लागते: पार्ट खऱ्यापेक्षा ताठ होतो. म्हणून टाइप 4 ला क्यूएम (कृत्रिम बल किती लावायचं ते ठरवणारा गुणांक) डिफॉल्ट 0.1 वरून 0.03 ते 0.05 पर्यंत खाली आणतात. इथे एक बारकावा आहे. कार्डवर (इनपुट फाइलमधल्या नोंदीत) क्यूएम शून्य लिहिलात तर कंट्रोल बंद होत नाही, डिफॉल्ट लागू होतो. क्यूएम वाढवून एनर्जीचा ग्राफ खाली आणता येतो, पण तेव्हा बंपर बीम कमी वाकतो. ग्राफ सुंदर आणि उत्तर चूक, असं होऊ शकतं.

आता शून्याविषयी. कंट्रोल एनर्जी कार्डवर एचजेन (अवरग्लास एनर्जी मोजायची की नाही ते सांगणारा पर्याय) 2 केलं नसेल, तर अवरग्लास एनर्जी मोजलीच जात नाही. म्हणून शून्य दिसलं की आधी ते कार्ड उघडा. दुसरी तपासणी मॅटसम या आउटपुट फाइलमध्ये, पार्टनिहाय. अख्ख्या गाडीची इंटर्नल एनर्जी इतकी मोठी असते की ग्लस्टॅटमधल्या (पूर्ण मॉडेलच्या बेरजेच्या फाइलमधल्या) एकूण आकड्यात बंपरमागच्या छोट्या फोमचे हाल दिसतच नाहीत. तिसरी तपासणी डोळ्यांनी: मेशच्या कडा चालू ठेवून ॲनिमेशन बघा. बोल्टचा भार एकाच नोडवर दिला असेल, तर त्याच्या भोवतालचे एलिमेंट आलटूनपालटून आत-बाहेर गेलेले दिसतात. तिथे क्यूएमला हात लावू नका, भार जास्त नोडवर पसरवा.

हे सगळं हातात बसायला टेलर बारचा सराव करा. तांब्याचा 32.4 मि.मी. लांब, 6.4 मि.मी. व्यासाचा दांडा 227 मी./से. वेगाने रिजिड वॉलवर आपटायचा. दांडा सममित असल्याने पाव मॉडेल पुरतं, 80 मायक्रोसेकंदांचा रन साध्या लॅपटॉपवरही चालतो. शेवटची लांबी साधारण 21.5 मि.मी. यायला हवी. मग फक्त अवरग्लास टाइप आणि क्यूएम बदलत जा. दर वेळी लांबी आणि फुगलेल्या पायाची त्रिज्या वहीत लिहा. शेवटी तोच दांडा पूर्ण इंटिग्रेशनच्या एलिमेंटने चालवा. त्याला अवरग्लास नाही, पण वेळ बराच जास्त लागतो, आणि जास्त चिरडलेल्या भागात निगेटिव्ह व्हॉल्यूमने (एलिमेंट आतून उलटा होऊन) रन पडण्याची भीती असते. क्यूएम थोडासा हलवल्यावर त्रिज्या लक्षात येण्याइतकी बदलत असेल, तर योग्य क्यूएम शोधत बसू नका. पायाकडची मेश बारीक करा.