वचन पाठ आहे, पण निर्णय जुनेच? शास्त्रवाचनातल्या या चुका टाळा

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्या काळापासून ज्या घरांत शास्त्र, म्हणजे बायबल, आहे तिथे आज पाचवी-सहावी पिढी ते वाचते आहे. अशा घरांत वचनांची टंचाई नसते. दारावर वचन, कॅलेंडरवर वचन, सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह आलेलं वचन. तरीही मजुराचे पैसे द्यायची वेळ आली, भावकीत जागेचा वाद निघाला किंवा मुलीसाठी स्थळ बघायला बसलं, की निर्णय गल्लीतले बाकी सगळे घेतात तसाच होतो. रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल ज्या मनाच्या नवीकरणाबद्दल लिहितो, ते बहुतेकदा अडतं ते खालच्या ठिकाणी.

वचन मुळासकट न घेता तोडून घेणं

नववर्षाच्या उपासनेत घरटी एक वचनाची चिठ्ठी मिळते. त्यात यिर्मया २९:११ हमखास असतं: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. मग वर्षभर त्याचा अर्थ घेतला जातो की नोकरी लागेल, कर्ज फिटेल, बदली रद्द होईल. पण हे वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत, १०व्या वचनात, सत्तर वर्षं थांबावं लागेल असं स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण परत जाणारच नव्हते. त्यांना ५ ते ७ या वचनांत काम दिलं आहे: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं आहे त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

हा सगळा भाग वाचला की वचनाचं वळण बदलतं. बदली होऊन कोल्हापुरात आलेला माणूस 'इथून सुटका कधी' एवढंच विचारत असेल, तर शास्त्र त्याला विचारतं की भाड्याने राहतोस त्या गल्लीतली गटार तुंबली आहे, महापालिकेत अर्ज कोण देणार? दिलासा कमी होत नाही, फक्त त्याच्याबरोबर जबाबदारीही येते.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. 'मी सर्व काही करू शकतो' हे दहावीच्या परीक्षेआधी म्हटलं जातं. पौलाने ते कैदेत असताना लिहिलं, आणि आधीच्या दोन वचनांत विषय आहे भरल्या पोटी आणि उपाशीपोटी सारखंच समाधानी राहायला शिकण्याचा.

ही चूक किरकोळ नाही. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या कड्यावर नेतो आणि स्तोत्र ९१ मधलंच वचन ऐकवतो. वचन खरं असतं, वापर चुकीचा असतो. येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, अनुवाद ६:१६ मधून.

उपाय: चिठ्ठीवरचं किंवा मोबाइलवरचं वचन पुढे पाठवण्याआधी त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा. वहीत तीनच गोष्टी लिहा. कोण कोणाला बोलतो आहे? ते लोक कोणत्या अडचणीत होते? त्यांना करायला काय सांगितलं? तिसऱ्या प्रश्नाची जागा रिकामी राहिली, तर अजून दहा वचनं पुढे जा.

जानेवारीत उत्पत्ती, फेब्रुवारीत बंद

बायबलमध्ये ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन ते चार अध्याय लागतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० मिळून महिनाभरात होतात. पण निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात, पुढे लेवीयातले बलिदानांचे नियम येतात आणि वही मिटते. यात आळस कमी, आखणीची चूक जास्त. संदर्भ माहीत नसताना एवढा वेग झेपत नाही.

नव्या कराराचे २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच अध्याय, सोमवार ते शुक्रवार एकेक, असं धरलं तर बरोबर ५२ आठवडे होतात. शनिवार मागे राहिलेल्यासाठी, रविवार उपासनेसाठी. सुरुवात करणाऱ्याला यापेक्षा सोपी आखणी आम्हाला ठाऊक नाही. त्याहून कमी झेपत असेल तर एक महिना फक्त याकोबाचं पत्र घ्या. अध्याय पाच, वचनं १०८. पहिला आठवडा रोज सगळं पत्र एका बैठकीत वाचा, साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. उरलेले दिवस रोज चार-पाच वचनं.

वाचा मात्र आवाजात. स्तोत्र १ मध्ये रात्रंदिवस 'मनन' करणाऱ्याबद्दल जो मूळ हिब्रू शब्द आहे, 'हागा', त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं असाही होतो. यशया ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्याला आणि ३१:४ मध्ये सिंहाच्या गुरगुरण्याला तोच शब्द आहे. आपल्याकडे मनन म्हटलं की डोळे मिटून गप्प बसणं डोळ्यांपुढे येतं, आणि पाच मिनिटांत डुलकी लागते. ओठ हलले की लक्ष टिकतं.

वेळेचा हट्टही सोडा. 'पहाटे पाचला' हा नियम शिरोलीच्या फाउंड्रीत रात्रपाळी करून येणाऱ्याला किंवा पहाटे डेअरीत दूध घालणाऱ्या बाईला लागू पडत नाही, आणि न जमल्याची टोचणी मात्र लागते. अनुवाद ६:७ मध्ये चार वेळा सांगितल्या आहेत: घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली जी तुमच्या दिवसात आधीपासून ठरलेली आहे तिला वाचन जोडा. केएमटी बसमधली वीस मिनिटंही चालतात.

शब्द कानाला ओळखीचे, अर्थ निसटलेला

'पश्चात्ताप' हा शब्द घ्या. मराठीत तो ऐकला की नंतर होणारी होरपळ, हळहळ मनात येते. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'मेटानॉइया'. त्यात मन बदलणं, तोंड फिरवणं हा अर्थ मुख्य आहे. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दुःख आणि पश्चात्ताप यांत फरक करतो: दुःख माणसाला पश्चात्तापापर्यंत नेतं, ते स्वतः पश्चात्ताप नव्हे. उपासनेत डोळे ओले झाले, मन हलकं झालं, सोमवारी व्यवहार तोच, असं ज्याचं होतं तो बहुधा इथेच अडकलेला असतो.

लूक १९ मधला जकातदार जक्कय रडल्याचा उल्लेख नाही. तो आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. गणना ५:७ प्रमाणे कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे. जक्कय त्याच्या कितीतरी पुढे गेला.

जुनं भाषांतर पाठ असेल तर ते सोडू नका, पण शेजारी सोप्या मराठीतलं एक ठेवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं ते याच अडचणीपायी. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली छापून झालं. दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळा दिसेल तिथे थांबा. बहुतेकदा अर्थ तिथेच दडलेला असतो.

पैशाच्या वेळी शास्त्र बाजूला ठेवणं

दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, मंडळीला दिला की पैशाचा विषय संपला, असं अनेक घरांत धरलं जातं. शास्त्र मात्र रोजच्या, हातातल्या पैशाबद्दल बोलतं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये (लेवीय १९:१३). देण्याजोगं जवळ असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नये (नीतिसूत्रे ३:२८). अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोब ५:४ म्हणतं. बांधकामावरचा बिगारी, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, शेतावर ऊसतोडीला आलेली टोळी यांच्याशी आपला व्यवहार या तीन वचनांत सरळ मोजता येतो.

पुढच्या महिन्यात एक करून बघा. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा: कोणाला देणं आहे, कधी ठरलं होतं, कधी दिलं. महिनाअखेर फक्त तारखांमधलं अंतर बघा. दुकान असेल तर चौथा रकाना काट्याचा. लक्ष्मीपुरीत धान्य विका किंवा मार्केट यार्डात गुळाचे रवे, नीतिसूत्रे ११:१ मधला खोटा तराजू तोच आहे. प्रार्थनेत 'मला प्रामाणिक कर' म्हणणं सोपं; तारीख आणि वजन लिहिलं की नेमकं कुठे बदलायचं ते कळतं.

स्थळ बघताना जुनी जात विचारणं

याकोब २ मध्ये सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, असं करणाऱ्यांना पक्षपाती म्हटलं आहे. मंडळीत हा उतारा वाचून घरी आल्यावर 'ते मूळचे कोण?' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. हा प्रश्न घरच्या तरुणांनीच, आदराने पण स्पष्टपणे, मोठ्यांसमोर थांबवायला हवा. गलतीकरांस ३:२८ मोठ्याने वाचा आणि मग बोला.

प्रसादाच्या प्रश्नाला एकाच वचनाने उत्तर देणं

कोल्हापुरात शेजारच्या काकू नवरात्रात अंबाबाईचा किंवा खेट्यांच्या दिवसांत जोतिबाचा प्रसाद घेऊन दारात येतात. घरातला एक '१ करिंथ ८ प्रमाणे मूर्ती काहीच नाही, खा' म्हणतो, दुसरा '१ करिंथ १० प्रमाणे भागी होऊ नका' म्हणतो, आणि भांडण होतं. अध्याय ८ ते १० हा एकच सलग युक्तिवाद आहे. पौल त्यात सांगतो: बाजारातलं मांस विकत घ्या, जेवायला बोलावलं तर चौकशी न करता वाढलेलं खा. पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर, ते सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका (१०:२५-२९). विश्वासात दुबळ्या भावाला ठेच लागू नये ही काळजी तिन्ही अध्यायांत आहे.

म्हणून दारात उभ्या राहून वाद घालू नये. पूजेतला प्रसाद घेत नाही हे हात जोडून, हसून सांगता येतं, आणि काकूंना आत बोलावून चहा ठेवता येतो. १ पेत्र ३:१५-१६ मध्ये उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितलं आहे. नकार बरोबर असून बोलण्यात तुसडेपणा आला, तर उतारा निम्माच पाळला गेला.

पुरात अडकलेल्याला वचन फेकून मारणं

पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. अशा वेळी 'पापाचं फळ' किंवा 'सगळं मिळून हितालाच' ही वाक्यं घाईने बोलली जातात. शिलोहाचा बुरूज पडून अठराजण मेले, ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का, या प्रश्नाला लूक १३ मध्ये येशूचं उत्तर 'नाही' असं आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते. बोलायला लागले तिथे चुकले. आधी चिखल काढायला फावडं, कोरडी चादर, पाण्याचा कॅन. समोरच्याने स्वतः विचारलं, तर हबक्कूक ३:१७-१८ त्याच्याबरोबर हळूच वाचा. त्यात पीक, गुरं सगळं गेल्यावरची प्रार्थना आहे.

खंड पडला की सगळं सोडून देणं

ताप, परीक्षा, लग्नसराई, ऊसतोड, काहीही कारणाने दहा दिवस वाचन राहतं. मग दहा अध्यायांची थकबाकी एका रात्रीत भरायचा प्रयत्न होतो, तो फसतो आणि वही कपाटात जाते. शनिवारी दोन अध्यायांपर्यंतच मागचं भरा. त्याहून जास्त राहिलं असेल तर ते अध्याय वहीत पेन्सिलीने नोंदवून सोडून द्या, आजच्या तारखेचा अध्याय काढा, आणि आवाजात वाचायला लागा.