सिबिल रिपोर्टमध्ये चूक दिसली तर काय करायचं

नवी पेठेतून हप्त्यावर मोबाईल घेतला, सगळे हप्ते फेडले, तरी घराच्या लोनला बँकवाला म्हणतो सिबिल खराब. अशा वेळी आधी स्वतःचा पूर्ण रिपोर्ट काढा, म्हणजे आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद. ही नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांनाही वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो.

रिपोर्टमध्ये नुसता स्कोअर बघून सोडू नका, एकेक खातं बघा, फेडलेलं लोन अजून चालू दिसतंय का, क्लोज्ड (पूर्ण फेडलं) च्या जागी सेटल्ड (कमी पैशात मिटवलं) पडलंय का, हे लय नडतं बरं का, आणि नाव-आडनाव सारखं असलेल्या भलत्याच माणसाचं कर्ज आपल्या पॅनवर आलंय का.

चूक सापडली की त्या कंपनीच्या साइटवर लॉगिन करून डिस्प्यूट म्हणजे चुकीची तक्रार टाका, फुकट असतं. पण कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज देणाऱ्यानं हो म्हटलं तरच बदलतं, म्हणून बँकेला किंवा फायनान्सवाल्यालाही एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) आणि स्टेटमेंट जोडून ईमेल करा. तोंडी सांगून उपयोग नाही, काउंटरवर दिलं तर पोच घ्या.

३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मागायला लाजू नका. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, तीही फुकट. आणि पैसे घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटला ओटीपी तर अजिबात देऊ नका.