पॅट चाचणी घेताना या चुका टाळा

२०२३-२४ पासून आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आपली पॅट, सुरू झाली. स्टार्स या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षण प्रकल्पातून सुरू झालेली ही चाचणी वर्षातून तीनदा येते. आधी पायाभूत, मग संकलित १ आणि शेवटी संकलित २. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका पुण्याहून एससीईआरटीकडून, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, तयार होऊन येतात. राज्यभर एकच पेपर आणि एकच वेळापत्रक. तेव्हापासून दर वेळी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी त्याच त्या चुका ऐकते आहे. नवीन शिक्षणसेवकांकडून होतात तशाच वीस वर्षं नोकरी झालेल्यांकडूनही होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पायाभूत चाचणीत मुलांना उत्तरं सांगणं. फळ्यावर लिहून देणं, बोट ठेवून दाखवणं, 'नीट बघ, परत कर' असं सुचवणं हे सगळं त्यातच आलं. कारण एकच सांगितलं जातं, आपल्या शाळेचा निकाल खाली दिसायला नको.

पहिल्या वर्षी पायाभूत झाल्यावर मला शेजारच्या शाळेवर काही आठवडे कामगिरीवर, म्हणजे तात्पुरतं शिकवायला, पाठवलं होतं. चौथीचा वर्ग होता. कपाटात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा नीट बांधून ठेवलेला. गणिताचे गुण बघून मला बरं वाटलं, वर्ग तयार आहे म्हणून मी थेट गुणाकाराकडे वळले. तीन दिवस मुलं नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. चौथ्या दिवशी पाटीवर एकच वजाबाकी दिली, ४०२ वजा १७८.

खिडकीजवळच्या मुलीनं लिहिलं ३७६. तिच्या मागच्या मुलानं लिहिलं २३४. उत्तर २२४.

दोघंही चुकले, पण दोघांचं दुखणं वेगळं होतं. मुलीनं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. आठातून दोन सहा, सातातून शून्य सात, चारातून एक तीन. वरच्या संख्येतून खालची वजा करायची हेच तिच्या मनात पक्कं नव्हतं. तिला काड्या आणि दशकाचे गठ्ठे हातात द्यायला हवे होते. मुलाला हातचा येत होता. शतकातून उसनं घेऊन त्यानं दशकाच्या शून्याचे दहा केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण दहाचे नऊ करायला विसरला. त्याला फक्त मधल्या शून्याची पाच-सहा उदाहरणं पुरली असती. गठ्ठ्यातल्या दोघांच्या उत्तरपत्रिका मी काढून बघितल्या. दोन्हींत तशीच वजाबाकी होती, दोन्हींत उत्तर बरोबर, आणि मांडणी अक्षरशः एकसारखी. कुणीतरी फळ्यावर करून दिली होती.

पायाभूत चाचणी असते मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवं होतं त्यावर. मूल कुठून घसरलं आहे हे कळावं म्हणून ती वर्षाच्या सुरुवातीला घेतात. ते ३७६ आणि २३४ ऑगस्टमध्येच कागदावर दिसलं असतं तर त्या दोघांचे दोन महिने वाया गेले नसते. चुकीचं उत्तर पुसून बरोबर लिहून देणारा शिक्षक मुलाला मदत करत नाही, त्याचं दुखणं लपवतो. याबाबत मी कुणाची गय करत नाही, मग तो माझ्याहून ज्येष्ठ का असेना.

माझी सवय सांगते. पेपर वाटला की मी फळा पुसते, खडू कपाटात ठेवते. मुलानं विचारलं तर सूचना वाचून दाखवते, प्रश्न सोडवून दाखवत नाही. तपासताना नुसती चूक-बरोबर खूण करून पुढे जात नाही. गणितात चुकलेलं उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवते आणि शेजारी मुलाचं नाव लिहिते. तीस मुलांच्या वर्गाला एक संध्याकाळ लागते. नवीन मंडळींना एवढा वेळ देववत नाही, एका दिवसात तपासून, भरून मोकळं व्हायचं असतं. त्यांच्यामागे ऑनलाइन कामं किती असतात ते मी जाणते. पण ही संध्याकाळ वाचवली तर मागे पडलेल्या मुलांसाठीचा पुढचा सगळा कृती कार्यक्रम अंदाजावर चालतो.

दुसरी चूक गुण भरतानाची. गुण ऑनलाइन भरायचे असतात ते शासनाच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर. तिथं मुदतीच्या शेवटच्या रात्री बसायचं, रेंज नाही म्हणून गच्चीवर जायचं आणि मांडीवरच्या उत्तरपत्रिकांवरून थेट मोबाइलमध्ये गुण टाकायचे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं असंच केलं. हजेरी क्रमांक अकराचा मुलगा चाचणीच्या दिवशी गैरहजर होता, त्यामुळे गठ्ठ्यात त्याचा कागदच नव्हता. अकरासमोर बाराचे गुण पडले, बारासमोर तेराचे, आणि तसंच शेवटपर्यंत. शेवटी एक नाव उरलं तेव्हा लक्षात आलं, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जो मुलगा आलाच नव्हता त्याच्या नावावर चांगले गुण, आणि वर्गातली हुशार मुलगी भाषेत मागे.

आमच्याकडे आता आधी कागदावर तक्ता होतो. हजेरीपटाच्या क्रमानं सगळी नावं, प्रत्येक प्रश्नाला एक रकाना, गैरहजर मुलाच्या ओळीत 'गै'. भरायला दोघं बसतो. एक जण नाव आणि गुण मोठ्यानं वाचतो, दुसरा टाकतो आणि तेच परत म्हणतो. द्विशिक्षकी शाळेतही हे जमतं. एकशिक्षकी असेल तर शेजारच्या शाळेतल्या कुणाला तरी बोलवा. मुदत संपायच्या चार दिवस आधी बसा, शेवटच्या दिवशी सगळा महाराष्ट्र एकदम आत शिरतो.

तोंडी भाग अनेक जण सरसकट अंदाजे गुण देऊन उरकतात. अडखळत वाचणारं मूल लेखीत सापडत नाही, तोंडीतच सापडतं. एकेकाला जवळ बसवून ऐका.

प्रश्नपत्रिका मोजून घेताना माध्यम आणि इयत्ता दोन्ही बघा. कमी पडल्या तर केंद्रावर त्याच दिवशी कळवा, चाचणीच्या सकाळी नाही.

पेपरचा फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, चाचणी झाल्यावरसुद्धा नाही. तुमच्याकडे झाली म्हणजे सगळ्यांकडे झाली असं नसतं.

पाचवी आणि आठवीचा गोंधळ अजून मिटत नाही. ७ डिसेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आली. ही परीक्षा पॅट नव्हे. हिच्या प्रश्नपत्रिका शाळेनं काढायच्या असतात, आणि पुनर्परीक्षेतही मूल अनुत्तीर्ण झालं तर ते त्याच वर्गात राहू शकतं. पॅटच्या गुणांवर मात्र कुणालाही मागे ठेवायचं नाही. पालकांना हे दोन्ही वेगवेगळं, पालकसभेत तोंडी समजावून सांगा. चिठ्ठी पाठवून भागत नाही, अनेक घरांत ती वाचली जात नाही.

राहिला तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तो बांधून कपाटावर टाकू नका. माझ्या वर्गात तो टेबलाच्या खणात असतो. संकलित १ झाली की पायाभूतचा कागद शेजारी ठेवून मुलालाच विचारते, इथं काय केलं होतंस आणि आता काय केलंस. त्या खिडकीजवळच्या मुलीची पाटीवरची वजाबाकी मी वहीत उतरवून ठेवली होती. दिवाळीनंतर ती तिला दाखवली. तिनं ३७६ वर बोट ठेवलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, मी इथं उलटं केलं होतं."