बड-चिआरी: स्टेंट, शंट आणि त्याच त्या चुका

पोटात पाणी म्हणजे टीबी, हे गणित आधी डोक्यातून काढा. यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरा तुंबल्या तरी पोट असंच फुगतं; हाच बड-चिआरी. डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात, त्याही आधीच सुजलेल्या यकृतावर. टीबीत 'साग' (रक्तातल्या आणि पोटातल्या पाण्यातल्या अल्ब्युमिनमधला फरक) सहसा १.१ च्या खाली असतो, बड-चिआरीत वर. पाणी काढलंच आहे तर त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही पाठवा, म्हणजे साग काढता येईल. मी पेशंटला कुशीवर वळवून पाठ बघतो. आयव्हीसी, म्हणजे खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, बंद असेल तर पाठीवर, बरगड्यांवर फुगलेल्या शिरा दिसतात. डॉपलरच्या चिठ्ठीवर 'यकृताच्या शिरा आणि आयव्हीसी' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' लिहिलंत तर त्या शिरांकडे बघायचं राहून जातं.

थेट टिप्सवर (यकृतातून स्टेंट घालून रक्ताला काढलेली आडवाट, म्हणजे शंट) उडी मारू नका. आपल्याकडे बऱ्याच जणांचा अडथळा आखूड असतो, कधी आयव्हीसीत नुसता पडदा. फुगा आणि स्टेंटनं मूळची वाट उघडत असेल तर शंट कशाला?

सगळ्यात जास्त राग येतो तो रक्त पातळ करणारी गोळी बंद केल्याचा. एका तरुणाचा टिप्स उत्तम चालला होता, पोट उतरलं, गडी शेतात कामाला लागला. दाढ काढायची म्हणून वॉरफरिन थांबवलं आणि परत सुरू करा असं कुणी सांगितलंच नाही. आला तेव्हा पोट टम्म, शंट गुठळीनं गच्च. पुन्हा मानेच्या शिरेतून आत शिरून, फुगा फुगवून, जुन्या स्टेंटमध्ये नवा बसवावा लागला. स्टेंटनं वाट मोकळी होते. जॅक-२ जनुकातल्या बिघाडामुळे किंवा प्रोटीन-सीच्या कमतरतेमुळे रक्ताला लागलेली गोठायची खोड जात नाही. गोळी बहुतेकांना जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय याचं माप) २ ते ३. फाइलच्या मुखपृष्ठावर मी लाल पेननं लिहितो: 'विचारल्याशिवाय बंद नाही'. मग नातेवाइकाकडून ते मोठ्यानं वाचून घेतो.

कव्हर्ड, म्हणजे आवरण असलेल्या, स्टेंटचं डॉपलर दुसऱ्याच दिवशी करून 'बंद पडला' म्हणून घाबरू नका. आवरणात हवा असते, काही दिवस आतलं दिसत नाही.

इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या बंद. दिवस राहिले तर वॉरफरिनऐवजी हेपारिनची इंजेक्शनं, तीही लगेच.

टिप्सनंतर माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, तर तो आळस नाही, मेंदूवर परिणाम होतोय. शौचाला साफ होतंय का विचारा, लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) द्या आणि त्याच दिवशी कळवा.