स्लाइड मागेपुढे करायच्या असतील तर

११ जानेवारीची संध्याकाळ म्हणजे आमच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्हवाल्यांची झुंबड. दुसऱ्या दिवशी सोलापुरात चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो, आणि ज्याला त्याला ऐन वेळी आठवण होते. त्या गर्दीत एक कॉलेजची मुलगी बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन घेऊन आली. "काय ओ काका, एका पानावर सहा-सहा अशा प्रिंट द्या की."

फाइल उघडली. तिसऱ्या स्लाइडवर त्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात झालेली फाशी, १२ जानेवारी १९३१. नवव्या स्लाइडवर सोलापुरातला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, १२ मे १९३०. गांधीजींच्या अटकेची, म्हणजे ५ मेची स्लाइड तर पार सतराव्या नंबरवर. फाशी आधी आणि अटक शेवटी! तिलाही ते दिसत होतं, पण डावीकडच्या पट्टीत स्लाइड ओढून ओढून ती वैतागली होती.

पॉवरपॉइंटमध्ये डावीकडे छोट्या स्लाइडची उभी पट्टी असते. तिथली स्लाइड माउसनं धरायची, वर किंवा खाली ओढायची, हवी तिथं सोडायची. एक-दोन घरं सरकवायला हे ठीक. माउस नको असेल तर पट्टीतली स्लाइड निवडून कंट्रोल दाबून वरचा किंवा खालचा बाण दाबा, स्लाइड एकेक घर सरकते. गूगल स्लाइड्समध्येही हेच चालतं. पण सतराव्या जागेवरून तिसऱ्या जागेवर ओढत न्यायला लागलात की पट्टी सरसर पळते आणि स्लाइड भलतीकडेच पडते. पडली तर घाबरू नका, कंट्रोल झेड दाबा, ती परत जागेवर जाते.

दहा-बारापेक्षा जास्त स्लाइड असतील तर मी पट्टीच्या नादाला लागतच नाही. वर व्ह्यूमध्ये जाऊन 'स्लाइड सॉर्टर' घ्यायचं. खाली उजव्या कोपऱ्यात चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्यानंही तेच उघडतं. त्याच्याच बाजूच्या झूमच्या पट्टीनं स्लाइड इतक्या लहान करा की सगळ्या एका पडद्यावर मावतील. बारीक मजकूर वाचता येणार नाही, मथळे दिसले तरी पुरे. इथं मजकूर बदलता येत नाही. स्लाइडवर डबल क्लिक केलं की ती नेहमीसारखी उघडते.

सलग स्लाइड हलवायच्या असतील तर पहिलीवर क्लिक, मग शिफ्ट धरून शेवटचीवर. विखुरलेल्या असतील तर कंट्रोल धरून एकेक टिपत जा आणि सगळ्या एकदम ओढा. लांब न्यायच्या असतील तर कंट्रोल एक्सनं उचला, दोन स्लाइडच्या मधे क्लिक करून रेघ आली की कंट्रोल व्ही.

फाइल मोठी असेल तर सेक्शन पाडा. दोन स्लाइडच्या मधे राइट क्लिक, 'ॲड सेक्शन', मग नाव द्या. आम्ही 'अटक', 'मे १९३०', 'खटला आणि फाशी', 'आजचा हुतात्मा चौक' अशी चार नावं दिली. सेक्शनचं नाव धरून ओढलं की आतल्या सगळ्या स्लाइड एका गठ्ठ्यानं जातात. तिचं निम्मं काम इथंच झालं.

मोबाइलवर गूगल स्लाइड्स असेल तर स्लाइडवर बोट दाबून धरा, सुटी झाली की ओढा. बसमध्ये बसून एखादी सरकवायला बरं, बावीस स्लाइडला नाही.

सगळ्यात जास्त चुका मात्र यानंतर होतात. इन्सर्टमधून घातलेले स्लाइड नंबर आपोआप बदलतात. हातानं टाइप केलेले तसेच राहतात. अनुक्रमणिकेची स्लाइड हातानं केली असेल तर तीही जुनीच. तिच्या मार्शल लॉच्या स्लाइडखाली "आता पाहू या हुतात्मा चौकातले पुतळे" असं वाक्य होतं. क्रम बदलल्यावर पुढं खटला आला, वाक्य मात्र तिथंच. म्हणून नवा क्रम लागला की प्रत्येक स्लाइडची शेवटची ओळ आणि पुढच्या स्लाइडचा मथळा जोडीनं वाचा.

दोन स्लाइड तिला नको होत्या, पण काढवतही नव्हत्या. अशा वेळी राइट क्लिक करून 'हाइड स्लाइड' करायचं. नंबरावर तिरकी रेघ येते आणि शो चालू असताना ती स्लाइड वगळली जाते. कुणी नेमकं तेच विचारलं तर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबा, ती समोर येते. प्रिंट काढताना मात्र 'प्रिंट हिडन स्लाइड्स'वरची टिक काढायला विसरू नका. मी विसरलो, आणि तिच्या चार पानांचे पैसे मला घेता आले नाहीत.