एलईडी दिवे लावताय? सुरुवात देव्हाऱ्यापासून करा

एलईडी लावायचे ठरले की पहिला मान हॉलमधल्या झुंबराला मिळतो. ते लागतं पाहुणे आल्यावर, म्हणजे महिन्यातून दोन-चारदा. तिकडे रात्रभर पॅसेजमध्ये जळणाऱ्या दिव्याकडे कोणी बघत नाही. बिल कमी व्हायला हवं असेल तर दिवा रोज किती तास जळतो, यावरून बदलायचा क्रम लावा.

१. तासांचा हिशोब

वहीत तीन रकाने आखा: दिवा कुठला, किती वॅटचा, रोज किती तास. वॅट गुणिले तास गुणिले ३०, आलेल्या आकड्याला १००० ने भागा. ही महिन्याची युनिटं.

देव्हाऱ्यातला दिवसरात्र लागणारा लाल झिरोचा दिवा घ्या. नाव झिरो, पण जुना तारेचा असेल तर तो साधारण १५ वॅटचा असतो. चोवीस तासांच्या हिशोबाने महिन्याला १०.८ युनिटं. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर ०.३६. अख्ख्या घरात याहून सोपी बचत नाही. त्याच्या खालोखाल स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब. ४० वॅटची ट्यूब जड लोखंडी चोकवर असेल तर चोकसकट ५० वॅटच्या आसपास खाते. रोज सहा तास धरले तर ९ युनिटं. २० वॅटच्या एलईडी ट्यूबला तेवढ्याच वेळात ३.६ लागतात. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, त्यामुळे वाचलेली युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतात.

माळ्यावरचा साठचा बल्ब मात्र असू द्या. दिवाळीची आवराआवर आणि अधूनमधून पापडाचा डबा काढणं एवढंच त्याचं काम. उडेल तेव्हा बदला.

२. खोक्यावर काय वाचायचं

उजेड मोजायचा ल्युमेनमध्ये. जुना साठ वॅटचा बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा; नऊ वॅटचा चांगला एलईडी आठशेच्या पुढे जातो. एकाच वॅटच्या दोन खोक्यांत ल्युमेन जास्त असेल तो घ्या.

मग रंग. ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) म्हणजे पांढराशुभ्र, २७०० ते ३००० के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. आपल्याकडे सगळीकडे पांढराच लावायची पद्धत पडली आहे. अभ्यासाच्या टेबलाला तो ठीक; झोपायच्या खोलीत आणि जेवणाच्या टेबलावर पिवळसर लावून बघा, फरक कळेल. आकाशकंदिलातही पिवळाच शोभतो, शिवाय जुन्या बल्बसारखा तापत नसल्याने कागद करपत नाही. स्वयंपाकघरासाठी सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० किंवा जास्त बघा, नाहीतर फोडणीतली हळद करपली की नाही ते नीट दिसत नाही.

बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीची खूण आणि स्टार लेबल नसेल तर खोकं परत ठेवा. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, अशा गावात व्होल्टेजचा पल्ला मोठा असलेला घ्या. दुकानदाराकडून बिल घ्या आणि बल्बच्या पांढऱ्या बुडावर मार्करने तारीख लिहून टाका. वॉरंटीच्या वेळी भांडायची वेळ येत नाही.

खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असले तरी आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, उष्णतेने लवकर जातो. म्हणून चारही बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात मोठ्या वॅटचा दिवा कोंडू नका.

३. बदलताना

मेन स्विच बंद करा. नुसतं बटन बंद करून भागत नाही, कारण कित्येक जुन्या घरांत फेज (वीज येणारी तार) थेट होल्डरला आणि न्यूट्रल बटनाला दिलेला असतो. हात कोरडे, स्टूल न डगमगणारं. जुना बल्ब थंड झाला की आत दाबून, फिरवून काढा. आता होल्डरच्या आत बघा: दोन पितळी टोकं स्प्रिंगवर वर-खाली व्हायला हवीत. एखादं काळं पडून आतच अडकलं असेल तर आधी होल्डर बदला. सैल टोकाला ठिणग्या उडतात, नवा बल्ब महिन्या-दोन महिन्यांत जातो आणि शिव्या बल्बला बसतात.

ट्यूबचं प्रकरण वेगळं. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची तर बहुतेक वेळा चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावं लागतं. काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचे असतात, काहींना दोन टोकांना. चुकलं तर शॉर्ट. हे काम वायरमनकडे द्या. पट्टी गंजली असेल तर त्या भानगडीत न पडता पट्टीसकट मिळणारी एलईडी ट्यूबच लावा.

४. बंद केल्यावरही मिणमिणतो तेव्हा

रात्री बटन बंद, तरी दिवा मंद जळतो किंवा मधूनच लुकलुकतो. बहुतेक वेळा बटनात छोटा लाल इंडिकेटर असतो. तो पेटता राहायला लागणारा किंचित प्रवाह दिव्यातूनच जातो. जुन्या बल्बला तो जाणवतही नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये मात्र तो साठत राहतो आणि पुरेसा झाला की दिवा लुकलुकतो. इंडिकेटर नसलेलं बटन लावलं की थांबतं. इंडिकेटर नसतानाही होत असेल तर बटनाला न्यूट्रल आलाय का, ते वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्या. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटन) असेल तिथे ‘डिमेबल’ लिहिलेलाच दिवा चालतो.

५. काढलेले दिवे

तारेचा बल्ब कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्या ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. फुटली तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं मुलांना घेऊन खोलीबाहेर थांबा. मग झाडू न लावता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेला चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरून त्याच ई-कचऱ्यात द्या.