एफसी फ्यूजन प्रथिन पहिल्यांदा बनवताना

एटानरसेप्ट हे १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध म्हणजे टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला पकडणाऱ्या रिसेप्टरचा पेशीबाहेरचा भाग अधिक आयजीजी-१ या अँटीबॉडीचा एफसी, म्हणजे शेपटीकडचा भाग. या घडणीची प्रथिनं, म्हणजे एफसी फ्यूजन प्रथिनं, प्रोटीन ए (एफसीला चिकटणारं प्रथिन) लावलेल्या कॉलमवर सहज पकडता येतात, आणि नवख्यांची फसगत तिथेच होते. प्रोटीन ए फक्त एफसी ओळखतो. त्याला जोडलेला भाग नीट घडी घेऊन तयार झाला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

रचना ठरवताना सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा तुकडा), जोडायचा भाग, लिंकर (मधला जोडदुवा), हिंज (अँटीबॉडीचा बिजागरीसारखा भाग) आणि एफसी हा क्रम एकदा कागदावर मांडा. जोडायच्या भागात जोडीदार नसलेलं सिस्टीन (डायसल्फाइड बंध करणारं अमिनो आम्ल) उरलं, तर रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. सीमा कुठे कापायची हे त्या प्रथिनाची त्रिमितीय रचना पाहूनच ठरवा.

सुरुवात माध्यमात वाढवलेल्या ३० मिली पेशींपासून, १२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये करा. एचईके २९३ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, माणसाच्या मूत्रपिंडापासूनच्या) पेशी मिलीला सुमारे २० लाख आणि जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या वर असाव्यात. त्याखाली असतील तर ट्रान्सफेक्शन (पेशींत डीएनए घालणं) पुढे ढकला. ३० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड (प्रथिनाचं जनुक असलेला वर्तुळाकार डीएनए) आणि ९० मायक्रोग्रॅम पीईआय (डीएनए पेशीत नेणारं पॉलिमर), प्रत्येकी दीड मिली ताज्या माध्यमात पातळ करून एकत्र करा, १० ते १५ मिनिटं ठेवा आणि फ्लास्क हलवत थेंबाथेंबाने टाका. मग ३७ अंश, ८ टक्के कार्बन डायऑक्साइड, शेकर १२० ते १२५ आरपीएम. सगळं नीट करूनही उत्पादन शून्य आलं, तर आधी माध्यम तपासा. त्यात पेशींचे पुंजके होऊ नयेत म्हणून हेपरिन किंवा डेक्स्ट्रान सल्फेट घातलेलं असेल, तर ते पीईआयला बांधून ठेवतं आणि डीएनए पेशीत शिरतच नाही.

पाचव्या ते सातव्या दिवशी, जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली जाण्याआधी काढणी करा. आणखी थोडं प्रथिन मिळेल म्हणून थांबू नका. मेलेल्या पेशींतून प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) बाहेर पडतात आणि लिंकर तोडतात.

माध्यम सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनमधून गाळा आणि कॉलमवर चढवा. उतरवायला ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच ३ चालतं, पण प्रत्येक नळीत एक दशांश आकारमानाचं १ मोलर ट्रिस, पीएच ९, आधीच घालून ठेवा. आम्लात काही मिनिटं जास्त राहिलं तरी कित्येक फ्यूजन प्रथिनांचे गठ्ठे होतात. नाजूक प्रथिनासाठी पीएच ३.५चं सायट्रेट आधी वापरून पाहा.

आता प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल. एकच नमुना रिड्यूस केलेला (डायसल्फाइड बंध तोडलेला) आणि न केलेला, शेजारी शेजारी चालवा. न केलेल्या ओळीत वरच्या बाजूला पसरट डाग दिसला आणि केलेल्या ओळीत तो नाहीसा झाला, तर चुकीचे डायसल्फाइड बंध तयार झाले आहेत. रिड्यूस केलेल्या ओळीत २५ ते ३० किलोडाल्टनजवळ पट्टा दिसला, तर तो बहुधा तुटून सुटा झालेला एफसी आहे. मुख्य पट्टा हिशोबापेक्षा वर दिसला म्हणून घाबरू नका: पीएनजीएज एफ हे एन्झाइम देऊन एन-ग्लायकन (प्रथिनाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या) काढा आणि पुन्हा पाहा.

२८० नॅनोमीटरवरची मोजणी गठ्ठे झालेलं प्रथिनही मोजते, म्हणून साइज एक्सक्लूजन (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) कॉलम टाळू नका. गठ्ठ्यांचा भाग वेगळा काढा, मग मुख्य शिखराचा एसपीआर किंवा एलायझा या बंध मोजणाऱ्या चाचण्यांत लिगँडशी (ज्याला ते चिकटायला हवं त्या रेणूशी) बंध तपासा आणि शेवटी पेशींवर परिणाम बघा. पेशींवर घालण्याआधी एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष) मोजलंच पाहिजे. नाहीतर दिसलेला परिणाम प्रथिनाचा की एंडोटॉक्सिनचा, हे सांगता येणार नाही.